ताईंचं मानपत्र: एका निरोप-सत्काराचं प्रकरण

बडोद्यातल्या एका संग्रहालयाच्या संचालक निवृत्त झाल्या, तेव्हा दांडिया बाजार परिसरातल्या आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मी तेव्हा मंडळाचा कार्यवाह होतो. संग्रहालयाचं आणि व्यक्तींचं नाव कुठेही दिलेलं नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे, आमच्या चुकांसकट. इतर मंडळांसमोर असा प्रसंग येतोच, त्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

बडोद्याच्या माणसाला संग्रहालय म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी 1894 मध्ये कमाटी बागेत संग्रहालय काढलं, आणि इथल्या प्रत्येक मुलाने निदान एकदा तरी तिथल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभं राहून तोंडाचा आ केलेला असतो. तो मासा 1944 मध्ये मही नदीच्या मुखापाशी वाहून आला होता. शिवाय विद्यापीठात 1952 पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग आहे. त्यामुळे संग्रहालयात नोकरी करणारी माणसं इथे शेजारीपाजारी सापडतात. आमच्या ताई याच विभागात शिकल्या. कमाटी बागेतल्या संग्रहालयात त्या नव्हत्या, शहरातल्या दुसऱ्या एका लहान संग्रहालयात होत्या. मंडळात सगळे त्यांना ताई म्हणत, संग्रहालयातले कर्मचारी बेन म्हणत.

नोकरीबाहेर त्या जे करत ते आम्हाला जवळून माहीत होतं, कारण त्यातलं बरंचसं मंडळाच्या दिवाणखान्यातच चाले. दर शनिवारी मोडी वाचनाचा वर्ग. महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘वस्तू घेऊन या’: घरातलं जुनं काहीही आणायचं, ताई ते हातात घेऊन बघणार, काय आहे आणि कसं जपायचं ते सांगणार. किंमत मात्र कधीच सांगायच्या नाहीत. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, “विकायचं असेल तर माझ्याकडे कशाला आलात?” जुन्या सरकारी नोकरदारांच्या घरांतून सनदा, हुकूम, जमाखर्चाची बाडं, फाटकी पंचांगं येत. कधी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं दाखवायला मुलांना घेऊन जात, कधी कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंतींसमोर बसवत.

आणि पूर. ऑगस्ट 2024 अखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांतले लग्नाचे अल्बम चिखलाने भरले. पाणी ओसरलं त्या दिवशी ताई रबरी बूट घालून मंडळात आल्या, दोऱ्या बांधायला लावल्या आणि लोकांना निरोप पाठवला: ओले फोटो टाकू नका, एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नका, घेऊन या. स्वच्छ पाण्याच्या परातीत फोटो अलगद सुटे करायचे, चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे, उन्हात नाही, पंख्याखाली. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून हाताला येणार नाहीत ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि सवडीने काढायचे. आमच्या अध्यक्षांच्या घरी तीन आठवडे बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमऐवजी आजोबांची मुंज होती.

पुढच्या उन्हाळ्यात, 31 मे रोजी, ताई निवृत्त होणार होत्या. जन्मतारीख 1 जून. आपल्याकडे त्या तारखेला निम्मा महाराष्ट्र जन्मलेला असतो, शाळामास्तरांच्या कृपेने. ताईंची मात्र खरीच होती.

अडचण

एप्रिलमध्ये कार्यकारिणीची बैठक झाली आणि पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. तिथेच आमचं चुकलं.

ठरलं ते असं: 31 मे रोजी संध्याकाळी गांधी नगरगृहात जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पैशांची एक थैली. प्रमुख पाहुणे म्हणून राजकारणातलं एक वजनदार नाव. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली. निमंत्रणपत्रिकाही छापल्या, 300. ताईंना विचारायचं कोणाला सुचलंच नाही, कारण सत्कार ही सांगायची गोष्ट असते, विचारायची नाही, असा आपला समज.

पत्रिका घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, दुमडून टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, “मला नोटीस मिळायला लावणार आहात का?”

सरकारी नियमांना बांधलेल्या नोकराचा जाहीर सत्कार असा सहज करता येत नाही. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत नियम 14 याच विषयाचा आहे: पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याने मानपत्र स्वीकारायचं नाही, आपल्या गौरवार्थ भरलेल्या सभेला जायचं नाही. गुजरातचे 1971 चे नियम त्याच धर्तीचे आहेत. निवृत्तीच्या वेळी खाजगी, घरगुती स्वरूपाचा निरोप चालतो. नगरगृहातली सभा, छापील पत्रिका आणि थैली कोणत्याही अर्थाने घरगुती नव्हती, आणि 31 मे रोजी रात्री बारापर्यंत ताई नोकरीतच होत्या.

त्याच नियमात आणखी एक कलम आहे, ते आमच्यापैकी कोणी वाचलेलं नव्हतं. वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घ्यायला पूर्ण बंदी आहे, त्यांनी आपखुशीने दिली तरीही. आमच्या खजिनदारांनी पावतीपुस्तक घेऊन पहिला मुक्काम संग्रहालयाच्या फाटकावर केला होता. पहारेकरी, सफाईवाल्या बाई, दालनांतले परिचर यांच्याकडून शंभर-शंभर रुपये जमा झाले होते. सर्वांनी हसतमुखाने दिले होते. ते परत करायचे होते.

समोरचे पर्याय

दुसरी बैठक चार तास चालली. पहिला पर्याय साधा होता: परवानगी मागायची आणि ठरलं तेच करायचं. वेळ जेमतेम होता आणि अर्ज ताईंनीच करायला हवा होता. स्वतःच्या सत्कारासाठी स्वतः अर्ज करायला त्या तयार होणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो बाद झाला.

गौरवग्रंथाची सूचना एका प्राध्यापक सभासदाची. लेख मागवायचे, संपादन, मुद्रितशोधन, जाहिराती. गौरवग्रंथ वेळेवर निघाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या शहरात तर चित्रशाळेची इमारत 1914 मध्ये उभी राहिली आणि युरोपातून यायची चित्रं महायुद्धामुळे अडकल्याने ती 1921 मध्ये उघडली. आम्हाला सात वर्षं थांबायचं नव्हतं.

एखाद्या दालनाला ताईंचं नाव द्यावं, असंही कोणी म्हणालं. ते आमच्या हातातलं नव्हतंच. विषय पाच मिनिटांत संपला.

थैलीवर मात्र खडाजंगी झाली. अध्यक्षांचं म्हणणं, निवृत्तीनंतर दिली तर नियम आड येत नाही. नियम येत नसेल, पण दुसरी अडचण होती. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, म्हणजे आयकॉमची, आचारसंहिता संग्रहालयातल्या माणसाने कामाशी संबंध असलेल्या लोकांकडून भेटी घेऊ नयेत असं सांगते, आणि ताई ती तोंडपाठ म्हणून दाखवत. आमच्या वर्गणीदारांत दोन जण जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे होते. त्यांचे पैसे असलेली थैली ताईंनी उद्या घेतली, तरी गावात बोलणं झालंच असतं.

शेवटचा पर्याय मोडी वर्गातल्या एका बाईंनी मांडला. वय पंच्याहत्तर, बैठकीला त्या चहाच्या निमित्ताने आल्या होत्या. “त्यांनी आमच्या घरच्या वस्तू इतकी वर्षं बघितल्या. आता त्याच वस्तू मांडा, आणि त्यांना फक्त बघायला बोलवा.” मंडळाच्या दिवाणखान्यात प्रदर्शन, सोबत छोटासा कार्यक्रम. तारीख 1 जून. निवृत्तीनंतरचा पहिला दिवस, तोच वाढदिवस, आणि योगायोगाने रविवार. महिन्याचा पहिला रविवार.

याला एकच मोठा तोटा होता. शाळा उघडायला अजून आठवडा होता आणि ताईंनी ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला ती मुलं आजोळी गेलेली असणार होती. पंधरा दिवस पुढे ढकलावं असं मी म्हटलं. बहुमत रविवारच्या बाजूने गेलं. मला अजूनही वाटतं, मुलं असायला हवी होती.

काय केलं

पत्रिका रद्दीत गेल्या. थैलीची वर्गणी ज्याची त्याला परत केली. संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांचे पैसे परत द्यायला मी स्वतः गेलो, नियम समजावून सांगितला. पहाऱ्यावरचे काका म्हणाले, “साहेब, आमच्या पैशात काही खोट होती का?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गुजरातीत तीनदा तेच तेच बोललो आणि परत आलो.

प्रदर्शनासाठी वस्तू मागवल्या, पण नियम ताईंच्या पद्धतीचे लावले. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी सल्ल्याला होती. देवघरातल्या आणि दगडी मूर्ती घ्यायच्या नाहीत, हे तिचं पहिलं कलम. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्तींची नोंदणी लागते, आणि पणजीच्या बाळकृष्णाचे कागद कोणाकडे असतात? कापडं आणि कागद असतील तिथे प्रकाश 50 लक्सच्या आत (लक्स हे उजेडाचं माप). म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइट बंद आणि खिडक्यांना जाड पडदे, जूनच्या बडोद्यात. प्रत्येक वस्तूची पावती दोन प्रतींत: काय आहे, किती नग, कुठे फाटलं-तुटलं आहे, फोटोसकट.

लोकांनी आणलेल्या वस्तू ऐकायच्या आहेत? मोडीतलं लग्नखर्चाचं टिपण, पितळी अडकित्ते, पुरातून वाचलेल्या अल्बमाची तीन पानं, अत्तरदाणी, बाळंतविड्याची दुपटी, आणि दशावतारी गंजिफांचा एक लाकडी पेटीतला संच. दहा अवतार, प्रत्येकी बारा पत्ते, म्हणजे 120 हवेत. पावती करताना ताईंच्या त्या शिष्येने तीनदा मोजले. 117 भरले. तसंच लिहिलं.

मानपत्राचं काम माझ्याकडे होतं. पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. त्यात ‘ज्ञानयज्ञ’ होता, ‘वसा’ होता, ‘हजारो कुटुंबांच्या हृदयात’ होतं. सभेत वाचून दाखवणारच होतो, पण गोंधळ टाळावा म्हणून नाव, पद, वर्षं तपासायला ताईंकडे पाठवला. दोन दिवसांनी कागद परत आला. लाल शाईने भरलेला.

‘मोडी वर्ग सुरू केला’ याला रेघ. शेजारी: आधीच्या संचालकांनी सुरू केला. ‘अखंड चालवला’ याला रेघ: कोरोनात बंद होता. ‘हजारो कुटुंबं’ याला गोल, आणि समोर: मोजली कोणी? ‘दुर्मीळ’ हा शब्द पाच ठिकाणी होता, पाचही काढले. सगळ्यात खाली एक ओळ: “लेबल 75 शब्दांत बसतं. याहून लांब असेल तर माणूस उभ्याने वाचत नाही.”

मी थोडा रागावलो, खोटं कशाला सांगू. सत्काराचं कौतुक असं तोलूनमापून का घ्यावं? पण ‘मोजली कोणी’ हा प्रश्न खरा होता. आम्ही तिघांनी बसून रविवारच्या नोंदवह्या काढल्या. नाव, तारीख, वस्तू, काय सांगितलं. ताईंनी स्वतः लिहिलेल्या, एकसारख्या अक्षरात. बेरीज केली. मग लिहिलं ते असं:

“ताईंनी संग्रहालयात 31 वर्षं काम केलं, त्यातली 9 संचालक म्हणून. आधीच्या संचालकांनी सुरू केलेला मोडी वर्ग कोरोनाची दीड वर्षं सोडता त्यांनी चालू ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांनी घरून आणलेल्या वस्तू पाहिल्या. नोंदवह्यांत अशा 640 नोंदी आहेत. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर आठ दिवस मंडळात बसून भिजलेले फोटो वाळवायला शिकवलं. याबद्दल कोणाकडून काही घेतलं नाही. पेढासुद्धा नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी तेवढं पुन्हा खोडलं. समासात लिहिलं: “एकदा खाल्ला होता.” ते वाक्य ठेवायचा आम्ही आग्रह धरला, त्यांनी ऐकलं नाही. छापील मानपत्रात पेढा नाही.

एवढं करून आमच्या उपाध्यक्षांनी मानपत्र हौसेने लॅमिनेट करून आणलं. ताईंच्या शिष्येने कपाळाला हात लावला. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही, आणि चिकटवलेलं प्लॅस्टिक पिवळं पडलं की आतला कागदही गेला. जुन्या कागदांना हात लावू देण्याआधी ताई प्रत्येकाला हेच पहिल्यांदा सांगत. आम्ही शनिवारी रात्री दहा वाजता दुसरी प्रत काढली, आम्लमुक्त कागदावर, विद्यापीठातल्या एका ओळखीच्या माणसाला उठवून.

काय झालं

कार्यक्रम पाऊण तासाचा झाला. व्यासपीठावर पुढारी नव्हते. ताईंच्या आग्रहाने आधीचे संचालक आले होते, नातवाचा हात धरून. ते दोन मिनिटं बोलले आणि त्यातलं एक मिनिट मोडी वर्ग कोणत्या वर्षी सुरू झाला याबद्दलची आमची पाटीवरची चूक सुधारण्यात गेलं. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या. मानपत्र मराठीत वाचलं, मग गुजरातीत, कारण निम्म्या खुर्च्यांवर संग्रहालयातली आणि आजूबाजूची गुजराती मंडळी होती. लीलो चिवडा, भाकरवडी आणि पन्हं. ताईंनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं नाही. प्रदर्शनात मात्र दीड तास फिरल्या, आणि तीन पाट्यांवरचं शुद्धलेखन पेन्सिलीने दुरुस्त केलं.

कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक आले. पहाऱ्यावरचे काका आले नाहीत. सफाईवाल्या बाईही नाहीत.

प्रदर्शन आठ दिवस होतं. वस्तू परत देताना गंजिफांच्या घरचा धाकटा भाऊ आला. पत्ते मोजून म्हणाला, तीन कमी आहेत, आमच्याकडे 120 होते. पावती दाखवली, त्याचीच सही, 117. विषय तिथेच मिटला. पण चार दिवसांनी पुण्याहून थोरल्या भावाचा फोन: पेटी सामाईक आहे, माझ्या परवानगीशिवाय ती घराबाहेर गेलीच कशी? या प्रश्नाला पावतीत उत्तर नव्हतं. दोन्ही भावांना समोरासमोर बसवून एक पत्र लिहून घेतलं आणि पेटी परत दिली. भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत असं कानावर आहे. त्याचं कारण गंजिफा नसाव्यात, पण निमित्त आम्ही पुरवलं.

जमाखर्चात थोडी शिल्लक राहिली. प्रदर्शनासाठी सभासदांनी नव्याने दिलेल्या पैशांतली. त्यातून मोडी वर्गासाठी दोन भिंगं आणि रविवारसाठी नवी नोंदवही घेतली. रविवारची ही चौथी नोंदवही आता ताईंच्या शिष्येच्या हस्ताक्षरात सुरू आहे.

पुन्हा करायचं झालं तर

ज्याचा सत्कार करायचा त्याला आधी विचारू. गुपित ठेवून आश्चर्याचा धक्का द्यायची आपल्याला फार हौस, पण 300 पत्रिकांचा धक्का शेवटी आम्हालाच बसला. नोकरीतल्या माणसाचा जाहीर कार्यक्रम निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढेच ठेवू, आणि वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्या कार्यालयाच्या फाटकात कधीही नेणार नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मी आजही चुकल्यासारखा आहे. पैसे परत करणं टाळता येत नव्हतं. पण जाताना हात रिकामे ठेवून गेलो. पैसे नकोत, पण प्रदर्शनाची दिवसभराची राखण तुम्ही करा, पाट्या तुम्ही लावा, असं विचारता आलं असतं. वस्तूंची निगा त्यांनी ताईंइतकीच वर्षं केली होती. हे मला कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी सुचलं.

घरच्या वस्तू उसन्या घेताना पावतीवर एका माणसाची सही पुरत नाही. ‘ही वस्तू माझ्या एकट्याची आहे, किंवा बाकी वारसांची संमती आहे’ अशी ओळ आता आमच्या फॉर्मवर छापली आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळातून न्यावा.

तारखेबद्दल माझं मत वर दिलंच आहे. अध्यक्षांना ते अजून पटलेलं नाही.

आणि मानपत्र. दिवाळीत फराळाला ताईंकडे गेलो तेव्हा ते दिवाणखान्यात भिंतीवर दिसलं, चौकटीत. जवळ जाऊन पाहिलं तर झेरॉक्स. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “त्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं हो.” मूळ प्रत आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, टिश्यूत गुंडाळून आडवी ठेवली होती.